लहान पेटी, मोकळा स्लॉट

घरच्या मल्टिमीडियासाठी घेतलेला डेस्कटॉप सहसा वेग कमी पडला म्हणून जुना होत नाही. सिनेमे पाहणे, गाणी ऐकणे, फोटो साठवणे, अधूनमधून घरगुती व्हिडिओची काटछाट करणे, एवढ्या कामाला दहा वर्षांपूर्वीचा चार कोअरचा प्रोसेसरही बराचसा पुरतो. तो अडतो नव्या कोडेकपाशी. एच.२६४ हे २००३ मध्ये आले, एचईव्हीसी २०१३ मध्ये, एव्ही१ २०१८ मध्ये आणि व्हीव्हीसी २०२० मध्ये. यांतील प्रत्येक कोडेक कमी विजेत उलगडायचा तर चिपमध्ये त्यासाठीचे सर्किट असावे लागते, आणि ते तयार चिपमध्ये मागाहून घालता येत नाही. म्हणून आटोपशीर संगणक जुळवून देणाऱ्याने पहिला विचार याचा करावा: पाच वर्षांनी नवा डीकोडर घ्यायची वेळ आली, तर तो कुठे बसेल?

जागा दोनच असतात, प्रोसेसरचे सॉकेट आणि ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट. केवळ सॉकेटवर विसंबणे किती महागात पडते, हे एसरॉकच्या डेस्कमिनी एक्स३०० वरून समजते. १५५ × १५५ × ८० मिलिमीटरची, दोन लिटरपेक्षाही लहान अशी ही पेटी. तिच्यात रॅमच्या दोन जागा आहेत, एम.२ एसएसडी बसते आणि मुख्य म्हणजे प्रोसेसर सॉकेटमध्ये असल्याने बदलता येतो. कागदावर यंत्र पुरेपूर अपग्रेड करण्याजोगे आहे. पण त्याचे सॉकेट एएम४ आहे, आणि त्यावर बसणाऱ्या रायझन ५७००जी पर्यंतच्या ‘जी’ प्रोसेसरांमधल्या व्हेगा ग्राफिक्सला एव्ही१ चे डीकोडिंग येत नाही. ज्यांना येते ते एएमडीचे पुढचे डेस्कटॉप प्रोसेसर एएम५ वर गेले, आणि एक्स३०० मध्ये कार्डासाठी स्लॉट नाही. एव्ही१ व्हिडिओ त्यावर चालतो, कारण ‘डेव्हिड’सारखे सॉफ्टवेअर डीकोडर चांगले आहेत; मात्र ते काम प्रोसेसरच्या कोअरवर पडते, वीज जास्त लागते आणि पंख्याचा आवाज वाढतो. दिवाणखान्यातल्या यंत्रात नेमके हेच नको असते.

तोच ५७००जी मिनी-आयटीएक्स बोर्डावर असता, तर प्रश्न एका कार्डात सुटला असता. व्हिआ कंपनीने २००१ मध्ये पुढे आणलेला १७० मिलिमीटर चौरसाचा हा आकार आजही घरच्या मल्टिमीडियासाठी सर्वांत समतोल आहे. रॅमच्या दोन जागा, एम.२ आणि एक पूर्ण लांबीचा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट एवढे त्यावर मिळते. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळत असल्याने इंटेल आर्क ए३१० सारखे लहान कार्ड वेगळ्या केबलशिवाय चालते आणि एव्ही१ चे डीकोडिंगच नव्हे, एन्कोडिंगही करते. २४४ मिलिमीटरचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड सहसा स्वस्त पडतो. टीव्हीखाली जागा असेल तर त्यालाही ना नाही.

आज नव्याने प्रोसेसर घेताना इंटेलची अकरावी पिढी किंवा रायझन ७००० मालिका यांहून जुना घेऊ नये. एव्ही१ चे डीकोडिंग त्यांच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आले. थोडे पैसे वाचतात म्हणून ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर घेणे या कामात चूकच, कारण त्यात ग्राफिक्स नसते आणि एकुलता स्लॉट पहिल्याच दिवशी भरून जातो. अंगभूत ग्राफिक्स रॅमच वापरते, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. बोर्डावरचे एचडीएमआय १.४ असेल तर ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमपुरतेच मिळते; ६० साठी २.० हवे.

कॅबिनेट आणि एसएमपीएस यांवर ग्राहक सर्वांत कमी लक्ष देतो, आणि यंत्राचे आयुष्य मात्र त्यांच्यावरच ठरते. कॅबिनेटमध्ये किती उंचीचे व लांबीचे कार्ड मावते, हे घेण्याआधी मोजून पाहावे. स्लॉट आहे पण कार्ड मावत नाही, अशी अवस्था लहान पेट्यांत सर्रास होते. एसएमपीएस एसएफएक्स मापाचा असावा. १२५ × १०० × ६३.५ मिलिमीटरचे हे माप प्रमाणित असल्याने सहा वर्षांनी तो जळाला तरी दुसरा मिळतो. तयार छोट्या डेस्कटॉपमध्ये बहुधा कंपनीच्या खास मापाचा आणि खास कनेक्टरचा एसएमपीएस असतो. तो गेला की चांगला बोर्डही निकामी ठरतो.

खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले, की चिपचेही साधारण तेवढेच वाढते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तिथे टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात पेटी ठेवायची तर कप्प्याच्या मागची फळी कापून घेणे हाही जुळणीचाच भाग समजावा. शक्य असेल तिथे १२० मिलिमीटरचा, संथ फिरणारा पंखा लावावा. लहान पंख्याला तेवढीच हवा खेचायला भराभर फिरावे लागते आणि शांत प्रसंगात तो ऐकू येतो. ६५ वॅटचा प्रोसेसर बायोसमधून ४५ वॅटवर आणला तर सिनेमा पाहताना काहीच फरक जाणवत नाही, आवाजात मात्र जाणवतो.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ६० मेगाबिटचा ४के व्हिडिओ तासाला २७ जीबी जागा घेतो. एवढा संग्रह एसएसडीवर परवडत नाही आणि ३.५ इंची हार्ड डिस्क लहान पेटीत खरखरते. ती दुसऱ्या खोलीत, नेटवर्कवर ठेवलेली बरी.

जुळणी व्यावसायिकांनी कोटेशनवर प्रोसेसर आणि रॅमबरोबर आणखी तीन गोष्टी लिहाव्यात: स्लॉट मोकळा आहे की नाही, त्यात किती मापाचे कार्ड मावते आणि एसएमपीएस कोणत्या मापाचा आहे.