वन्यजीव छायाचित्रण : किंमत कोणी मोजायची?

३१ डिसेंबर २०२४ रोजी विदर्भातील उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली असता पर्यटकांच्या वाहनांनी तिची वाट दोन्ही बाजूंनी अडविली. त्या प्रसंगाची चित्रफीत सर्वत्र पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतः होऊन या घटनेची दखल घेतली. चालक आणि मार्गदर्शक यांच्यावर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली. या घटनेची चर्चा प्रामुख्याने शिस्तभंगाचे प्रकरण म्हणून झाली आणि ते योग्यही होते. तथापि, या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. जंगलात अशी गर्दी होते ती वाघ पाहण्यासाठी जितकी, तितकीच त्याचे छायाचित्र जवळून मिळावे म्हणून. जवळ गेल्याखेरीज चांगले छायाचित्र मिळत नाही, ही समजूत या गर्दीच्या मुळाशी आहे. ही समजूत तंत्राच्या दृष्टीने चुकीची आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तर ती फारच महागात पडणारी आहे.

वन्यजीव छायाचित्रणाचा आरंभ कसा झाला हे पाहिले म्हणजे या कलेत कौशल्य कशाला म्हणतात ते कळते. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात हिंदुस्थानातील जंगली वाघांची रात्रीची छायाचित्रे मिळविली. वाघाच्या वाटेवर तार ताणावयाची, तारेला त्याचा पाय लागताच प्रकाशझोत उडून कॅमेऱ्याचे शटर उघडावयाचे, अशी त्यांची योजना होती. १९२७ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्याजवळची साधने आजच्या मानाने अगदीच ओबडधोबड होती. परंतु वाघ कोणत्या वाटेने जाईल, हे त्यांना पावलांच्या ठशांवरून वाचता येत होते. यंत्राची उणीव त्यांनी प्राण्याच्या ज्ञानाने भरून काढली. आज नेमके उलट झाले आहे. कॅमेरा स्वतःच पक्ष्याचा डोळा शोधतो आणि सेकंदाला वीस छायाचित्रे घेतो. सबब ज्ञानाची उणीव आपण यंत्राने भरून काढू पाहतो. ती जिथे भरून निघत नाही, तिथे वाहन आणखी पुढे दामटतो.

वस्तुतः या कलेतील बहुतेक नियम प्राण्याच्या स्वभावाकडेच बोट दाखवितात. उडत्या पक्ष्यासाठी शटरची गती १/२००० सेकंदाच्या आसपास हवी, हे कोणतेही पुस्तक सांगेल. पण पक्षी उडणार केव्हा आणि कोणीकडे, हे पक्षीच सांगतो. पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून झेपावतो. म्हणून वारा आपल्या पाठीशी असेल तर तो आपल्या दिशेने येण्याचा संभव अधिक. हरिण किंवा गवा यांच्या बाबतीत मात्र वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येत असला पाहिजे, नाहीतर आपला गंध आपल्या आधी पोहोचतो. काळ्याशार पाण्यावर उभा असलेला बगळा टिपताना कॅमेऱ्याचा प्रकाशमापक अंधार पाहून फसतो आणि बगळा पांढरा डाग होऊन बसतो. तेथे प्रकाश थोडा कमी करावा लागतो. उघड्या वाहनातून मोठे भिंग वापरावयाचे तर तांदूळ भरलेली साधी कापडी पिशवी दांडीवर ठेवून त्यावर ते टेकवावे आणि इंजिन बंद करावयास सांगावे, कारण इंजिनाची थरथर भिंगापर्यंत येते. चितळाची किंवा वानराची धोक्याची हाक ओळखता आली, तर वाघाच्या मागे धावण्याऐवजी तो ज्या पाणवठ्यावर येईल तेथे आधीच स्वस्थ बसता येते.

आणि या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अंतर. प्रत्येक प्राण्याचे माणसाला सहन करण्याचे एक अंतर असते. चरणारे जनावर चरणे थांबवून मान वर करते, पिसे साफ करणारा पक्षी एकदम ताठ होतो, टिटवी ओरडू लागते. ती त्या अंतराची सीमा होय. तेथून एक पाऊल मागे घेतले, तर प्राणी पुन्हा आपल्या उद्योगाला लागतो आणि छायाचित्रात त्याचे खरे जीवन उतरते. एक पाऊल पुढे टाकले, तर आपल्याला मिळते ते केवळ भ्यालेल्या प्राण्याचे छायाचित्र.

येथे सीमांत उपयोगितेचा नियम आठवतो. २०१८च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे बसविण्यात आले होते. त्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे घेतली आणि त्यांपैकी ७६,६५१ वाघांची होती. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असल्यामुळे या छायाचित्रांवरून वाघ मोजता येतात. त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे. चॅम्पियन यांच्या काळी वाघाचे एक स्पष्ट छायाचित्र ही ज्ञानात मोलाची भर होती. आज जिप्सीच्या टपावरून टिपलेला वाघाचा आणखी एक चेहरा त्या ज्ञानात जवळजवळ काहीच भर घालीत नाही. त्याची सीमांत उपयोगिता शून्याकडे झुकलेली आहे. वाघिणीला द्यावी लागणारी किंमत मात्र पहिल्या छायाचित्राला जेवढी होती, तेवढीच हजाराव्यालाही आहे. किंबहुना वाहनांची संख्या वाढली की ती वाढतेच.

ही किंमत छायाचित्रकाराच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही. उजनीच्या जलाशयावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब हंस येतात. रोहित चोच उलटी करून, पाणी गाळून आपले भक्ष्य मिळवितो. हे सावकाश, तासन्‌तास चालणारे काम आहे. पंखांचा गुलाबी रंग टिपता यावा म्हणून नाव थेट थव्यात घातली की ते काम मोडते आणि उड्डाणात साठविलेली शक्ती खर्ची पडते. पट्टकादंबाला तर परत हिमालय ओलांडावयाचा असतो. घरट्याचे छायाचित्र स्पष्ट यावे म्हणून भोवतीच्या डहाळ्या तोडल्या, तर छायाचित्रकार घरी गेल्यावर कावळा आणि दुपारचे ऊन तेथे पोहोचते. आनंद एकाने घ्यावा आणि त्याचा खर्च व्यवहारात सामील नसलेल्या दुसऱ्याने सोसावा, हे उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गात धूर ओकणाऱ्या गिरणीचे दिले जाते. ते घरट्यालाही तंतोतंत लागू पडते.

कायद्याने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत आमिष दाखविणे, हाकारणे आणि पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे यांचाही समावेश होतो. म्हणजे बंदूक हाती नसली तरी शिकार घडू शकते. २०२२च्या दुरुस्तीने अभयारण्यातील छायाचित्रणाच्या परवानगीला स्पष्ट अट जोडली : अधिवासात बदल होता कामा नये आणि अधिवासावर वा वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम होता कामा नये. कायदा अपुरा आहे असे म्हणण्यास फारशी जागा नाही. प्रश्न प्रलोभनांचा आहे.

ही प्रलोभने कशी काम करतात हे मोठ्या स्पर्धांतही दिसून आले आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जगद्विख्यात स्पर्धेत २००९ साली कुंपणावरून झेपावणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तो लांडगा माणसाळलेला असण्याची दाट शक्यता परीक्षकांना आढळल्याने २०१० साली ते काढून घेण्यात आले. त्याच स्पर्धेत २०१७ साली गौरविलेल्या एका छायाचित्रातील मुंगीखाऊ हा भुसा भरलेला होता, असा निष्कर्ष २०१८ साली निघाला. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. परंतु जेथे केवळ चित्राच्या थरारकतेला बक्षीस मिळते, तेथे थरार पैदा करण्याचा मोह उत्पन्न होणारच.

आपल्या जंगलांत हेच प्रलोभन बक्षिशीच्या रूपाने येते. मार्गदर्शक आणि चालक ही बहुधा जंगलालगतच्या गावांतील माणसे. वाघ जितका जवळून दाखवावा, तितकी पर्यटकाकडून बक्षिशी अधिक. दंड होतो तेव्हा मात्र तो प्रथम त्यांच्यावर पडतो. मागच्या आसनावरून ‘अजून थोडे पुढे घ्या’ म्हणणारा सहसा मोकळा राहतो. यावर एक साधा उपाय सुचवावासा वाटतो. बक्षिशी वाहनात न देता प्रवेशद्वारावरील सामायिक पेटीत जमा व्हावी आणि सर्वांत समान वाटली जावी. मार्गदर्शकाचे मानधन त्याच्या पक्ष्याप्राण्यांच्या ज्ञानाची परीक्षा घेऊन श्रेणीनुसार ठरावे. यामुळे मेहनत कमी होईल, असा आक्षेप येईल. परंतु जी मेहनत कमी होईल ती वाहन पुढे घुसविण्याची असेल. जंगल ओळखण्याची मेहनत मात्र वाढेल, कारण तिला आता मोल असेल.

छायाचित्रांनीच वन्यजीवांविषयी प्रेम निर्माण केले, त्यांच्यावर बंधने घालणे म्हणजे संरक्षणाचे नुकसान करणे होय, असेही म्हटले जाते. यातील पहिला भाग खरा आहे. ज्यांनी कधी जंगल पाहिले नाही, त्यांच्या घरात वाघ पोहोचला तो छायाचित्रातूनच. पण ते प्रेम टिकवावयाचे असेल, तर चित्र कसे मिळविले हेही पाहणाऱ्यास कळले पाहिजे. दूध कोठून आले हे विचारणारा ग्राहक भेसळ कमी करतो; चित्र कोठून आले हे विचारणारा वाचकही तेच करील.

याचा आरंभ शाळा-महाविद्यालयांतून करता येईल. लाखो रुपयांचे भिंग शिक्षकाच्या, कारकुनाच्या किंवा विद्यार्थ्याच्या आवाक्यातील नाही, आणि त्याची गरजही नाही. शाळेच्या कुंपणावरील वेडा राघू दिवसभर त्याच फांदीवरून उडतो आणि माशी पकडून पुन्हा त्याच फांदीवर येतो. आठ दिवस त्याच्याकडे नुसते पाहिले, तर साध्या कॅमेऱ्यानेही त्याचे उत्तम चित्र मिळू शकते. आपल्याकडे निसर्गमंडळांच्या छायाचित्रस्पर्धा पुष्कळ होतात. त्यांच्या नियमांत एवढीच भर घालावी की, प्रत्येक चित्रासोबत तीन ओळी लिहून द्याव्यात : चित्र किती अंतरावरून घेतले, प्राणी त्या वेळी काय करीत होता आणि चित्र घेऊन झाल्यावर त्याने काय केले. ज्या चित्राच्या तिसऱ्या ओळीत ‘तो आपले काम करीत राहिला’ असे प्रामाणिकपणे लिहिता येईल, त्याला परीक्षकांनी जादा गुण द्यावेत. गुणांसाठी विद्यार्थी किती परिश्रम घेतात हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. ते परिश्रम या वेळी योग्य दिशेने व्हावेत.