गाडी साठ लाखांची, पिकअप रिक्षाचा!

महागड्या गाडीची एक गंमत आहे, मंडळी. ती बऱ्याचदा बंद पडत नाही, ‘लिम्प मोड’मध्ये जाते. साध्या मराठीत, लंगडते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, ‘पॉवर कमी केली आहे, सावकाश चालवा’ असा सभ्य मेसेज येतो आणि आपली राणी मुकाट ट्रकच्या मागे चालू लागते.

ऑफिसातल्या माझ्या एका मित्राकडे जर्मन सेडान आहे. सेकंडहॅण्ड, पाच वर्षांचा ईएमआय. खंडाळ्याच्या घाटात ओव्हरटेक करायला त्यानं लेन बदलली, पाय दाबला आणि गाडीनं हातच टेकले. मागच्या कंटेनरवाल्यानं वेळेत ब्रेक मारला म्हणून निभावलं. कशीबशी कडेला घेऊन गाडी बंद करून पुन्हा चालू केली, तर एकदम टकाटक! सोमवारी सर्व्हिस सेंटरचं उत्तर, ‘सर, आम्हाला तर काहीच प्रॉब्लेम दिसत नाही.’ असं तीन वेळा.

यात जादू काही नाही. इंजिनाचा कम्प्युटर टर्बोचं आणि इंधनाचं प्रेशर सतत तपासत असतो. आकडा बिघडला की इंजिन वाचवायला तो स्वतःच पॉवर कापतो. रीस्टार्टनंतर आकडा ठीक आला तर ताकद परत. पण फॉल्ट कोड सहसा मेमरीत राहतो, कुणी स्कॅनर लावून ‘क्लिअर’ दाबलं नाही तर. तो दाबला की पुरावा गुल! चौथ्या वेळी मित्र अडून बसला, ‘कोड पुसायच्या आधी प्रिण्टआउट द्या.’ त्यात इंधनाचं प्रेशर पडल्याची नोंद होती. काउण्टरवरची भाषा तिथेच बदलली.

आता डिझेलवाल्यांसाठी एक सूचना. रोज घर ते ऑफिस, चार-पाच किलोमीटर, तेही ट्रॅफिकमध्ये, एवढंच चालवत असाल तर बीएस-६ गाडीचा सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर तुंबू शकतो. ती काजळी जळायला एक्झॉस्ट बराच वेळ गरम राहावा लागतो. तेव्हा आधी हे तपासा, मग भांडा.

पण ‘हे फक्त तुमच्याच गाडीला होतंय’ यावर मात्र पटकन विश्वास ठेवू नका. अमेरिकेत बीएमडब्ल्यू ३३५आयचे मालक हेच सांगत होते. गाडी स्टार्ट व्हायला वेळ लागतो, चालता चालता पॉवर जाते. तिथल्या सरकारी वाहन सुरक्षा यंत्रणेकडे तक्रारी साठत गेल्या. गुन्हेगार निघाला पेट्रोल सुमारे २०० बारपर्यंत दाबून इंजेक्टरना पुरवणारा हाय-प्रेशर पंप. कंपनीनं आधी पंपाची वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवली. मग ऑक्टोबर २०१० मध्ये सुमारे १ लाख ३० हजार गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला.

आपल्याकडेही एप्रिल २०२१ पासून सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. गाडी सात वर्षांच्या आतली हवी, दोष सुरक्षिततेला बाधक हवा आणि तक्रारी ठरावीक प्रमाणात हव्यात. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार करता येते. लक्झरी गाड्या मुळात विकल्या जातात थोड्या, त्यामुळे तुमच्या एका तक्रारीचं वजन जास्त, बॉस!

ग्राहक आयोगही आहे. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. मुदत दोन वर्षांची. कोर्टबाजीला वेळ लागतो, हे मात्र धरून चाला. २००९ मध्ये घेतलेल्या एका सदोष बीएमडब्ल्यू ७ सिरीजच्या प्रकरणात कंपनीनं ग्राहकाला ५० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सुप्रीम कोर्टानं दिला जुलै २०२४ मध्ये. तोवर त्या गाडीचं मॉडेलही जुनं झालं होतं!

म्हणून पहिल्याच दिवसापासून कागद जपा. जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका. ‘चालत्या गाडीची पॉवर गेली’ असंच लिहून घ्या, तारीख आणि किलोमीटरसकट. मेसेजचा फोटो शेजारी बसलेल्याला काढू दे. बोलणं फोनवर झालं तरी नंतर एक ईमेल टाका. सर्व्हिस सेंटरमधली कॉफी छानच असते, ती जरूर प्या. पण जॉब कार्डची कॉपी हातात पडल्याशिवाय सोफ्यावरून उठू नका.