घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द

या सदरात एरवी बोंडअळी, तुरीवरची मर, गव्हाच्या पाण्याच्या पाळ्या असे विषय असतात. या वेळचा विषय निराळा आहे. सोनपेठ तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले. हरभऱ्यावरच्या घाटेअळीला काय फवारावे, हे दोन ओळींत विचारून पुढचे पानभर त्यांनी मुलीविषयी लिहिले आहे. मुलगी पाचवीत आहे. तिला नवोदयची परीक्षा द्यायची आहे. गुरुजी म्हणतात, मुलगी गणितात चांगली आहे, पण भाषेच्या उताऱ्यात मार खाते. घरातले म्हणतात, कापूस वेचणीचे दिवस आहेत, परीक्षेचे राहू द्या. शेवटी त्या विचारतात, "मी चौथी शिकलेली, मी तिला काय सांगणार?"

घाटेअळीचे उत्तर त्यांना टपालाने पाठविले आहे. दुसरा प्रश्न मात्र पुष्कळ घरांचा आहे. मी काही शिक्षक नाही; पण गावोगाव फिरताना अंगणात दप्तर उघडून बसलेली मुले रोज दिसतात, आणि त्यांची अडचण कोठे आहे हेही दिसते. चौथी शिकलेली आई, इतकेच काय, अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा या तयारीत मोठे काम करू शकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी परीक्षा काय मागते ते पाहू. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांतले २० प्रश्न भाषेचे, गुण २५. चार उतारे देतात आणि प्रत्येकावर पाच प्रश्न विचारतात. परीक्षा मराठीतून देता येते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ प्रश्न असतात, गुण ५०. ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला होती, २०१६-१७ मध्ये पाचवी आणि आठवीला नेली. इयत्ता मागेपुढे होत असते, तेव्हा आपल्या मुलाची पाळी कोणत्या वर्षी आहे हे गुरुजींना वेळीच विचारून ठेवावे. नवोदयची परीक्षा मात्र मुलाला एकदाच देता येते. नापास झाला तर पुढच्या वर्षी पाहू, असे तेथे चालत नाही.

नवोदय विद्यालये १९८५-८६ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोनपैकी एक आपल्या अमरावती जिल्ह्यात होते. त्यांच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी आहेत, एकतृतीयांश मुलींसाठी. राहणे, जेवण, पुस्तके यांसह शिक्षण बारावीपर्यंत. कोरडवाहू चार एकरांच्या घराला ही गोष्ट किती मोठी आहे, हे मी सांगायला नको.

आता शब्दांकडे येऊ. या परीक्षांत समूहदर्शक शब्द विचारतात. उसाची मोळी, गवताचा भारा, कडब्याची गंजी, धान्याची रास, केळ्यांचा घड, पिकत घातलेल्या आंब्यांची अढी, मेंढ्यांचा कळप. शहरातली मुले ही यादी डोळे मिटून पाठ करतात. त्यांनी गंजी पाहिलेली नसते, अढी लावलेली नसते. आपली मुले गंजीवर चढून खेळतात, आणि त्यांनाच हा प्रश्न अवघड वाटतो! कारण गंजी हा पुस्तकातला शब्द असू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. शाळेतली भाषा वेगळी आणि आपली वेगळी, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत मोडणे हे घरच्यांचे पहिले काम आहे.

काही ठिकाणी आपला शब्द आणि पुस्तकाचा शब्द खरोखर वेगळा असतो. आपण वावर म्हणतो, पुस्तक शेत म्हणते. आपल्याकडे झड लागते, पुस्तकात संततधार असते. आपण मोहोळ म्हणतो, पुस्तकात बहुधा मधमाश्यांचे पोळे येते. म्हशीचे पिलू मादी असेल तर आपण तिला वगार म्हणतो. पुस्तकाला एकच शब्द पुरतो, रेडकू. गाईच्या बाबतीतही तसेच: आपल्याकडे कालवड आणि गोऱ्हा, पुस्तकात दोघांना मिळून वासरू. म्हणजे आपल्या घरची भाषा पुस्तकापेक्षा बारीक भेद करते. मुलाने वगार म्हटले की "असे गावंढळ बोलू नको" म्हणून दटावणारे पालक मी पाहिले आहेत. दटावल्याने मूल शुद्ध बोलायला लागत नाही, ते बोलायचेच थांबते. त्याऐवजी म्हणावे, "आपली वगार, पुस्तकातले रेडकू." दोन्ही शब्द शेजारी शेजारी राहू द्यावेत.

एखाद्या ठिकाणी फसगतही होते. आपल्या भागात आखाडा म्हणजे शेतातले घर, जेथे गडी राहतो, बैल बांधतात. पुस्तकातला आखाडा कुस्तीचा असतो. उताऱ्यात "पैलवान आखाड्यात उतरला" असे आले की आपले मूल पैलवानाला वावरात पाठवते. वाक्प्रचारांचेही असेच आहे. हातावर तुरी देणे, मूग गिळणे, नाकाने कांदे सोलणे, पाणी मुरणे. तुरी, मूग, कांदे सगळे घरचे आहेत, पण अर्थ दुसराच निघतो. असा वाक्प्रचार बोलताना तोंडात आला की तेथेच थांबून मुलाला विचारावे, "चोराने हातावर तुरी दिल्या म्हणजे काय केले?" मुले खूप हसतात आणि विसरत नाहीत. आजीबाई येथे फार उपयोगी पडतात. जात्यावरच्या ओव्या, कोडी, म्हणी यांत जेवढे शब्द आहेत तेवढे बाजारच्या गाइडात नाहीत. संध्याकाळी आजीला बोलते करा.

वाचनाकडे वळण्यापूर्वी मूल कोठे आहे हे पाहून घ्यावे. माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नका, असे मी नेहमी सांगतो, येथेही तेच. २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी गावोगाव होते. तिच्यात एक साधा कागद असतो: अक्षरे, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला तो मोठ्याने वाचायला सांगतात. आपणही घरी हे करू शकतो. दुसरीचे जुने पुस्तक घ्यावे आणि न पाहिलेले पान मोठ्याने वाचायला सांगावे. शासनाच्या निपुण भारत कार्यक्रमात तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, अशी अपेक्षा आहे. घड्याळ लावून शब्द मोजायला फार शिक्षण लागत नाही. पाचवीतले मूल त्याच्या बरेच खाली असेल, तर नमुना प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आणून उपयोग नाही. आधी रोज मोठ्याने वाचन, मग प्रश्न.

आणि "समजून" हा शब्द महत्त्वाचा आहे. पुष्कळ मुले घडाघडा वाचतात. आई कौतुकाने ऐकते. काय वाचलेस म्हणून विचारले तर मूल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागते. त्याला वाचता येते, सांगता येत नाही. उताऱ्यात मार खाणारी मुले बहुधा हीच. पान वाचून झाले की पुस्तक मिटावे आणि म्हणावे, "आता तुझ्या शब्दांत सांग." ऐकणाऱ्याला वाचता येत नसले तरी चालते. उलट बरेच, कारण मुलाला खरोखरच समजावून सांगावे लागते.

घरात पुस्तके नाहीत ही तक्रार मी मान्य करीत नाही. लग्नसराईत आलेल्या पत्रिका प्रत्येक घरात खुंटीला अडकवलेल्या असतात. ज्येष्ठ, कनिष्ठ, आप्तेष्ट, स्नेहांकित, शुभाशीर्वाद हे शब्द तेथे फुकट मिळतात. ज्येष्ठ आणि कनिष्ठ ही विरुद्धार्थी जोडी तर परीक्षेच्या कामाचीच आहे. सातबारा काढा: जिरायत, बागायत, पोटखराब, भोगवटादार. मुलाला आपली जमीनही कळेल. महावितरणच्या बिलावर थकबाकी, देय रक्कम, अंतिम दिनांक असतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा अतिवृष्टी, पंचनामा, अनुदान हे शब्द घराघरांत दिवसरात्र चालू होते. अतिवृष्टीच्या उलट काय, तर अवर्षण. ते तर आपल्याला त्याहून चांगले माहीत आहे. भेंडीच्या बियाण्याच्या पुडीवर ‘परभणी क्रांती’ असे नाव दिसले तर विचारा, क्रांती म्हणजे काय? आपल्या कृषी विद्यापीठाने भेंडीला हे नाव का दिले असेल? एक सूचना मात्र कडकपणे करतो. कीटकनाशकाची बाटली वाचनासाठी मुलाच्या हाती देऊ नये. आतले माहितीपत्रक कोरडे, स्वच्छ असेल तर ते द्यावे. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा, हे मुलाला कळलेच पाहिजे. कधी कधी घरात ते वाचू शकणारे तेवढेच एक माणूस असते.

आता वेचणीचा प्रश्न. तो खरा आहे. कापसाची वेचणी आणि परीक्षेचे महिने एकाच वेळी येतात. मजूर मिळत नाहीत, बोंडे फुटून खाली पडतात, हे मला न कळण्याइतका मी कचेरीतला माणूस नाही. तरीही शाळेच्या दिवशी पाचवीतल्या मुलीला वावरात नेऊ नये. एका मुलीने दिवसभरात वेचून किती कापूस होईल आणि तिची बुडालेली शाळा किती, याचा हिशेब घरातल्या पुरुषांनी एकदा कागदावर मांडावा. रविवारी ती आली तर येऊ द्या, आणि वेचताना तोंड रिकामेच असते: एकाने शब्द सांगावा, दुसऱ्याने त्याच्या उलट शब्द. ओळीच्या शेवटापर्यंत कोण हरते ते पाहावे. घरी रोज २० मिनिटे वाचन पुरे. सगळा युरिया एकदम टाकला तर वाहून जातो, हप्त्याने दिला तर पिकाला लागतो. शेवटच्या पंधरा दिवसांत रात्री जागवून काही लागत नाही.

गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण याहून मोठी आहे. दिवाळीच्या सुमारास गाव सुटते ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत. जाण्यापूर्वी शाळेतून मुलाचे शिक्षण हमी कार्ड घ्यावे. ते दाखवून कारखान्याच्या भागातल्या शाळेत बसता येते. आजी-आजोबा गावात असतील तर मुलाला मागे ठेवणे सर्वांत चांगले, आणि हंगामी वसतिगृहाची चौकशी शाळेत करावी. जिंतूरकडच्या तांड्यांवर घरची बोली गोरमाटी. तेथे मुलाला पुस्तकाची मराठी म्हणजे दुसरी भाषाच असते. त्याला वेळ जास्त लागणार, ते मठ्ठ नव्हे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आपल्याकडच्या वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, ही अडचण मराठवाड्याला नवी नाही.

शिकवणीवर्गांबद्दलही पत्रांतून विचारणा होते. चांगला वर्ग असेल, परवडत असेल, तर जरूर लावा. पण उसनवारी करून लावू नका. गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेचा सराव तेवढा चार-पाच वेळा झाला पाहिजे, आणि तो शाळेत होतो. प्रश्नाचा क्रमांक आणि गोलाचा क्रमांक जुळवणे, खाडाखोड न करणे, एवढे त्यात असते. चुकीच्या उत्तराला नवोदयमध्ये गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

सोनपेठच्या भगिनींनी उताऱ्याचा नमुना मागितला आहे. एक तयार केला आहे. मुलीने तो एकदा मनात वाचावा, एकदा मोठ्याने, आणि मग प्रश्न विचारावेत.

पौष महिना होता. ज्वारीची कणसे हुरड्यात आली होती. पहाटेपासून पाखरांचे थवे शिवारात उतरत. भाऊ माळ्यावर उभा राहून गोफण फिरवीत होता. दुपारी बहीण भाकरी घेऊन आली तेव्हा त्याचा आवाज पार बसला होता. "तू जेव, मी राखते," ती म्हणाली. त्याने गोफण पुढे केली. तिने ती घेतली नाही. कोपऱ्यातला पत्र्याचा रिकामा डबा उचलून तिने काठीने बडवायला सुरुवात केली. सगळा थवा एकदम उडाला. भाऊ हसला आणि भाकरीचे फडके सोडू लागला.

१. पाखरे शिवारात का उतरत होती?
२. भावाचा आवाज का बसला होता?
३. पाखरांचा थवा, तसा गुरांचा काय?
४. ‘रिकामा’ या शब्दाच्या उलट अर्थाचा शब्द कोणता?
५. या उताऱ्याला नाव काय द्याल?

मुलीने उत्तर दिले की ते उताऱ्यात कोठे आहे, हे बोट ठेवून दाखवायला सांगावे. दुसऱ्या प्रश्नाची ओळ तिला सापडणार नाही, कारण ती लिहिलेलीच नाही. तेथे घाई करू नका, उत्तर सुचवू नका. ज्वारी राखायला ती कधी गेली असेल, तर ते तिचे तिलाच सापडेल.