ॲमेझॉन पाठ, पूर्णा कोरी!

परवा येलदरीत नववीतल्या एका पोराला विचारलं, ॲमेझॉन कुठून निघते? पटकन म्हणाला, "अँडीज पर्वतातून." मग आपली पूर्णा? पोरानं धरणाच्या भिंतीकडं बोट केलं. "इथून!"

हसू नका मित्रांनो. आपण मोठी माणसं तरी वेगळं काय समजतो? आम्ही पत्रकारसुद्धा "येलदरी इतके टक्के" एवढं छापून मोकळे होतो.

पूर्णा निघते अजिंठ्याच्या डोंगरात. संभाजीनगर, जालना, बुलढाणा करत आपल्याकडं येते. वाटेत खडकपूर्णा धरण अडवतं. म्हणजे जिंतुरात कितीही धो-धो कोसळलं, तरी वरच्या भागात पाऊस नसेल तर येलदरी भरत नाही. १९६८ साली पूर्ण झालेलं, ९३४ दलघमी क्षमतेचं हे धरण. याचं पाणी खाली सिद्धेश्वरला जातं आणि तिथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शेतात. एवढ्यांचं पोट जिच्यावर, तिचा उगम आपल्याला माहीत नाही!

ॲमेझॉनच्या खोऱ्यात बारमाही पाऊस. तिथलं जंगल वाफ सोडतं, त्याच वाफेचा पुन्हा पाऊस होतो. म्हणून तिथं जंगल तोडणं म्हणजे पाऊस तोडणं. आपल्याकडं पाऊस चार महिने, खाली काळा खडक. उरलेले आठ महिने पाणी धरून ठेवतं कोण? माळावरचं झाड-गवत, बांध आणि पात्रातली वाळू. म्हणजे आपलं "जंगल" त्या वाळूतच आहे राव! आणि तीच रात्री हायवात भरून चाललीय. सकाळी चाकाच्या खुणा सगळ्यांना दिसतात, फक्त ज्यांनी बघायचं त्यांनाच दिसत नाहीत. उन्हाळ्यात काठच्या विहिरी आटल्या की मग दोष पावसाला.

धरण भरलं की जलपूजनाला सगळ्या पक्षांचे पुढारी हजर. नारळ फोडा, फोटो काढा, आमची ना नाही. पण तिथंच विचारा: साहेब, वरच्या खोऱ्यात माती अडवायची किती कामं झाली? धरणात गाळ किती साचला? खडकपूर्णातून पाणी कधी, किती सुटणार, हे आधी का सांगत नाहीत? वाळूचे हायवा कुणाचे?

आणि गुरुजी, ॲमेझॉन जरूर शिकवा. पण एक सहल अजिंठ्याच्या डोंगरात न्या. नदी भिंतीतून निघत नाही, एवढं पोरांना कळलं तरी पुढचे प्रश्न तीच विचारतील.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण पूर्णेवरच भांडा.