लेओव्हरची भूक आणि दहा रुपयांचा चहा

विमानाचं तिकीट स्वस्तात मिळालं म्हणून आपण खूश असतो. मग लक्षात येतं की मध्ये सात तासांचा लेओव्हर आहे. पहिला तास फोटो काढण्यात जातो, दुसरा चार्जिंग पॉइंट शोधण्यात. तिसऱ्या तासाला भूक लागते आणि खरा प्रवास तिथून सुरू होतो. गेल्या सुट्टीत मीही एका मोठ्या विमानतळावर अशीच सगळ्या काउंटरांवरून दोनदा फिरले. दर वाचले, मान हलवली आणि शेवटी बॅगेतला आईने दिलेला चिवडा काढला. तिथल्या दोन समोशांच्या पैशांत आमच्या कॉलेज कॅन्टीनमध्ये चौघांचा नाश्ता झाला असता.

‘एअरपोर्टवर महाग असणारच’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की तो निसर्गनियमच वाटतो. तो तसा नाही, हे डिसेंबर 2024 मध्ये कोलकात्याने दाखवून दिलं. त्याच सुमारास खासदार राघव चढ्ढा यांनी राज्यसभेत विमानतळावरच्या चहा-पाण्याच्या दरांचा विषय काढला होता. मग कोलकाता विमानतळाच्या शताब्दीच्या निमित्ताने ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. दर काय? पाणी 10 रुपये, चहा 10, कॉफी 20, समोसा 20. फेब्रुवारी 2025 मध्ये चेन्नईतही असाच कॅफे आला. विमानतळ तोच, सुरक्षा तीच आणि प्रवासीही तेच. तरी चहा दहा रुपयांत देता आला.

मग शेजारच्या काउंटरवर का परवडत नाही? याचं उत्तर किचनपेक्षा करारात जास्त सापडतं. दिल्लीचा विमानतळ चालवणारी कंपनी आपल्या उत्पन्नाचा 45.99 टक्के हिस्सा भारतीय विमानतळ प्राधिकरणाला देते. मुंबईचा आकडा 38.7 टक्के आहे. ही कंपनी पुढे जागा भाड्याने देताना दुकानदाराकडून भाडं किंवा विक्रीतला हिस्सा घेते. माल तपासून आत आणायचा, कर्मचाऱ्यांचे पास काढायचे, रात्रपाळी चालवायची, हा खर्च वेगळाच. या साखळीतला प्रत्येक जण आपला वाटा काढतो आणि शेवटचं बिल तुमच्या ट्रेमध्ये येऊन पडतं. त्यात एकदा सिक्युरिटी ओलांडली की समोरच्या टपरीवर जायची सोय उरत नाही. गिऱ्हाईक अडकलेलं असलं की दर खाली येत नाहीत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातच शिकवतात.

कोलकाता आणि चेन्नई हे दोन्ही विमानतळ प्राधिकरण स्वतः चालवतं. त्यामुळे सुरुवात तिथून झाली यात नवल नाही. करार लिहिणारा आणि दर ठरवणारा तिथे एकच आहे. पण खासगी कंपनी असली की काहीच करता येत नाही, असंही नाही. अमेरिकेत पोर्टलँडच्या विमानतळावर दुकानदाराला शहरातल्या दरापेक्षा जास्त दर लावता येत नाही, तशी अटच आहे. न्यूयॉर्कच्या विमानतळांवर बिअरच्या एका ग्लासचं 27 डॉलरचं बिल व्हायरल झालं, चौकशी झाली आणि 2022 मध्ये नियम कडक झाले. बाहेरचा दर अधिक दहा टक्के, एवढीच मर्यादा ठेवली गेली. म्हणजे स्वस्त खाणं हा नशिबाचा भाग नाही. कुणीतरी ती अट कागदावर लिहावी लागते.

आता दहा रुपयांच्या चहाचं कौतुक करताना एक गोष्ट सुटायला नको. चेन्नईचा कॅफे उघडला तो देशांतर्गत टर्मिनलमध्ये, चेक-इनच्या आधीच्या भागात. घरून येणाऱ्याला तो वाटेत लागतो. पण एका विमानातून उतरून आतल्या आत दुसऱ्या विमानाकडे जाणाऱ्याला तो दिसणारच नाही. म्हणजे सगळ्यात जास्त वेळ अडकून पडणारा, लेओव्हरवालाच, यातून बाहेर राहतो. दुसरं असं की समोसा आणि चहा म्हणजे जेवण नव्हे. सात तास काढायचे तर वरण-भात, पोळी-भाजी किंवा इडली-सांबार असं काहीतरी परवडणाऱ्या दरात हवं. मागणी करायचीच तर या दोन गोष्टींची करायला हवी.

तोवर आपण काय करू शकतो? वेळ भरपूर असेल आणि प्रवास देशातलाच असेल, तर बाहेर पडा. मुंबईत आता मेट्रो 3 मुळे हे सोपं झालंय. टी-1 आणि टी-2, दोन्हीकडे स्टेशन आहे. थेट दादरला उतरायचं आणि शिवाजी पार्कच्या बाजूला ‘आस्वाद’ किंवा ‘प्रकाश’मध्ये मिसळ, साबुदाणा वडा खाऊन परत यायचं. फक्त रात्री उशिरा मेट्रो बंद असते, हे विसरू नका. दिल्लीत टी-3 वरून एअरपोर्ट एक्स्प्रेस आहे, चेन्नईत विमानतळालाच मेट्रो स्टेशन आहे. बेंगळुरू आणि हैदराबादला मात्र शहर लांब आहे, तिथे हा खेळ अंगाशी येऊ शकतो. परत येताना पुन्हा सिक्युरिटीची रांग लागणार, तेव्हा किमान दोन तास हातात ठेवा.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे भुकेच्या आधी व्हिसा येतो. सिंगापूरच्या चांगी विमानतळाचा तो प्रसिद्ध ‘ज्युएल’ मॉल इमिग्रेशनच्या बाहेर आहे. व्हिसा नसेल तर रील्समध्ये बघितलेलं ते सगळं तुमच्यासाठी काचेपलीकडचंच राहतं. निघण्याआधी एवढं तपासून घ्या.

आणि हक्कही माहीत असू द्या. अडीच तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल आणि तुम्ही वेळेत चेक-इन केलं असेल, तर डीजीसीएच्या नियमानुसार विमान कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची असते. काउंटरवर जाऊन शांतपणे विचारा. दुकानातून घेतलेल्या पाकीटबंद वस्तूला एमआरपीपेक्षा जास्त पैसे लावता येत नाहीत. मात्र बसून खायच्या रेस्टॉरंटना 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने यातून सूट दिली आहे, म्हणून बिल करण्याआधी दर बघा. रिकामी बाटली सोबत ठेवा, आत पिण्याचं पाणी फुकट भरून मिळतं. आणि घरचा कोरडा डबा आत नेता येतो, त्यात लाज कसली?

आज विमानात सूटबूटवालेच नसतात. इंटरव्ह्यूला जाणारी, परीक्षेला जाणारी, घरात पहिल्यांदाच विमानात बसणारी आपल्यासारखी पोरं असतात. तिकिटाचे पैसे जेमतेम जमलेले असतात आणि चहाच्या दरापुढे ती गपचूप मागे फिरतात. त्यांना मागे फिरावं लागू नये, एवढी एक ओळ करारात लिहायला फार काही लागत नाही.