पाहुणा म्हणायचे कोणाला?

‘पाहुण्याकडून पैसे मागणे ही आपली रीत नाही.’ परवा एका बैठकीत हे वाक्य ऐकले आणि त्याला टाळ्याही पडल्या. डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांकडून कर घ्यावा का, एवढाच विषय होता. बोलणाऱ्या गृहस्थांचे नाव घेत नाही, कारण त्यांचे म्हणणे तालुक्यात पुष्कळांच्या तोंडी आहे. कर लावला तर पर्यटक दमणला जातील, ते आधीच जीएसटी भरतात, गोळा झालेला पैसा मधल्यामध्ये खाल्ला जाईल, डहाणू म्हणजे काही व्हेनिस नव्हे, आणि सगळ्यांत मोठे म्हणजे अतिथी देवासारखा.

या शेवटच्या मुद्द्याचा मला राग आहे, म्हणून आधी तोच घेतो.

पाहुणा कसा असतो ते पाड्यावर जाऊन पाहावे. कुडाच्या घरी कोणी आले की ओटीवर खाट टाकली जाते, तांब्याभर पाणी येते, मागून कोरा चहा. भाताच्या आवणीच्या दिवसांत आलेला पाहुणा नुसता बसून राहत नाही. धोतर खोचून चिखलात उतरतो, चार मुठी लावतो आणि मग जेवायला बसतो. घरधन्याच्या अडचणीत हात घालतो तो पाहुणा. खोलीचे तीन-चार हजार रुपये आगाऊ घेऊन ज्याला किल्ली दिली, तो गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक असणे वाईट नाही, पण खोलीच्या भाड्याला धंदा म्हणायचे आणि गावाने माणशी वीस रुपये कर मागितला की मात्र संस्कृती काढायची, हे मला मान्य नाही. या आदरातिथ्यात यजमान कोण? भाडे घेणारा, की दुसऱ्या दिवशी किनारा साफ करणारा?

एका सोमवारी सकाळी साडेसहाला मी सुरूच्या बनातून चाललो होतो. रोजंदारीवरची एक बाई वाळूत उकिडवी बसून बाटलीच्या काचा वेचत होती. उजव्या हाताला जुन्या लुगड्याचे फडके गुंडाळलेले. बाटलीचे बूड दिसते, चुरा दिसत नाही, म्हणून ती वाळू ओंजळीत घेऊन बोटांतून हळूहळू सोडत होती. शेजारच्या गोणीत वेफर्सची पाकिटे, थर्माकोलच्या ताटल्या, लहान मुलांची डायपर. “रविवारचं एवढंच असतं,” ती म्हणाली. ‘एवढंच’ म्हणजे तीन गोण्या होत्या. अतिथी देवासारखा असेल, तर त्याच्या पूजेचे निर्माल्य या बाईनेच का उचलायचे, याचे उत्तर टाळ्या वाजवणाऱ्यांनी द्यावे.

आणि हा किनारा, ही चिकूची वाडी, ही सावली आपोआप टिकलेली नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना मनाई झाली, उरलेल्या उद्योगांना सगळ्या तालुक्यात मिळून ५०० एकरांची मर्यादा आली, भोवती २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगांपासून मोकळा ठेवायचे ठरले. मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे आणि राहीन. पण त्याची किंमत इथल्या पोरांनी मोजली. तलासरीची, डहाणूची मुले पहाटे उठून वापी, उंबरगाव, बोईसरच्या कंपन्यांत जातात, तेव्हा मुंबईच्या आणि सुरतेच्या माणसाला इथे मोकळी हवा मिळते. ती हवा राखणाऱ्याला पर्यटकाने वीस रुपये दिले, तर त्यात अपमान कुणाचा होतो?

कर लावला तर लोक दुसरीकडे जातील, हा सूर मी जकातीच्या वेळीही ऐकला होता. ‘व्यापार मरेल, गाव ओस पडेल.’ १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली. नाक्यावरची लाचखोरी संपली, ते बरेच झाले. पण गावाचा हक्काचा रोख पैसाही गेला आणि त्या जागी अनुदान आले. अनुदान म्हणजे वरच्याच्या मर्जीने आणि वरच्याच्या सवडीने येणारा पैसा. गटार तुंबते आज, अनुदान येते मार्चअखेर. तेव्हा मीही जकात जाण्याच्या बाजूने बोललो होतो. गावाला बदल्यात काय, हे विचारायचे राहून गेले.

बाकीचे मुद्दे लवकर आटोपतात. जीएसटी राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीत जातो, चारोटीचा टोल महामार्गाचा. काच वेचणाऱ्या बाईची रोजंदारी त्यांतून निघत नाही. दमणला जाणारा दारूसाठी जातो, वीस रुपयांनी त्याचा रस्ता बदलत नाही. राहिले व्हेनिस. त्या शहराने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी पाच युरो घ्यायला सुरुवात केली ती दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून, कारण मुक्कामी राहणारा तिथे वेगळा कर भरतोच. रविवारी गाडी भरून येणारा आणि संध्याकाळी परतणारा, हीच आपलीही अडचण आहे. व्हेनिस लांब वाटत असेल, तर माथेरानला जावे. दस्तुरी नाक्यावर माणशी कर भरूनच लोक आत जातात आणि माथेरान ओस पडलेले नाही.

पैसा खाल्ला जाईल ही भीती मात्र खरी आहे. म्हणून तो ग्रामसभेच्या हाती द्या. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, आणि आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याच्या २०१४ च्या नियमांनी गावाला ग्रामसभा कोष दिलेला आहे. मुक्कामाला रात्री माणशी वीस रुपये, दिवसापुरत्या चारचाकीला पन्नास. लोकलने येणाऱ्याकडून काही नको, चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला येणाऱ्याकडून तर मुळीच नको. महामार्गाकडेचा कचरा उपसणाऱ्या तलासरीच्या गावांनाही वाटा हवा. जमाखर्च दर महिन्याला ग्रामसभेत मोठ्याने वाचावा.

पहिल्या महिन्याच्या जमेतून दोन वस्तू आधी घ्याव्यात, असे मी त्या बैठकीत सांगितले: जाड चामड्याचे हातमोजे आणि वाळू चाळायला लोखंडी चाळण्या.