चिकनकारी : टाका कोणता शिकायचा, हे कोणी ठरवायचे?

उत्तर प्रदेश सरकारने 2018 मध्ये ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजना सुरू केली, तेव्हा लखनौच्या वाट्याला चिकनकारी आणि जरी-जरदोजी आली. चिकनकारीला भौगोलिक मानांकन त्यापूर्वीच, 2008 मध्ये मिळाले होते. त्यामुळे नावाला संरक्षण लाभले. मात्र घरी बसून नगावर मजुरी घेणाऱ्या हजारो स्त्रियांच्या शिकण्याचा प्रश्न तसाच राहिला.

या व्यवसायाची रचनाच शिकण्याच्या आड येते. कापड बेतणे, शिवणे, लाकडी ठशांनी नक्षी छापणे, भरतकाम आणि अखेरची धुलाई ही कामे निरनिराळ्या हातांनी होतात. भरतकामातही बखिया एकीकडे, मुर्री आणि फंदा दुसरीकडे, जाळी तिसरीकडे अशी वाटणी असते. मध्यस्थ मागेल तोच टाका हाताला वळण लावतो. बारीक काम शिकावे, तर तेवढे दिवस मजुरी बुडते. शिवाय तयार कुडता बाजारात कितीला गेला, हे कारागिणीला क्वचितच कळते.

रुना बॅनर्जी आणि सेहबा हुसैन यांनी 1984 मध्ये स्थापन केलेल्या ‘सेवा लखनौ’ने नेमका येथेच हात घातला. मध्यस्थाला वगळून कारागिणी स्वतः प्रदर्शनांत माल घेऊन जाऊ लागल्या. कोणत्या कामाला ग्राहक किती मोजतो, हे डोळ्यांसमोर आले की पुढे काय शिकावे, याचा निर्णय कारागिणीला घेता येतो. हे या प्रयोगाचे खरे महत्त्व. बॅनर्जी यांना 2007 मध्ये पद्मश्री मिळाली. कापडाच्या मागे टाका न दिसू देणाऱ्या ‘अनोखी चिकनकारी’साठी नसीम बानो यांना तोच सन्मान 2024 मध्ये लाभला. ही कला त्या वडिलांकडून शिकल्या. घरातच उस्ताद असणे मात्र सर्वांच्याच नशिबी नसते.

सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणकाळात दररोज 500 रुपये विद्यावेतनाची तरतूद आहे. शिकताना बुडणारी मजुरी भरून द्यावी, हे तत्त्व त्यातून मान्य झाले, ही जमेची बाजू. परंतु सुरुवातीला जाहीर झालेल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम होते, भरतकाम नव्हते.

घरबसल्या काम करणाऱ्यांना संघटनेचा हक्क आणि प्रशिक्षणाची संधी इतर कामगारांप्रमाणेच मिळावी, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1996 चा 177 क्रमांकाचा करार सांगतो. भारताने त्याला अद्याप मंजुरी दिलेली नाही.